दमलात का, असं तीनदा विचारावं

ईडन प्रेरी, मिनेसोटा
दिवाळीनंतरचा शनिवार

ती. शरयूताईस धाकट्या रेखाचा वाकून नमस्कार. (वाकून हे नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही. वसंतात मला बुटाच्या नाड्या बांधायला वाकलं तरी धाप लागायची. आज खरोखर वाकले, सरळ उभी राहिले आणि मग लिहायला बसले.)

कागदावरचं पत्र आलं म्हणून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. इकडे सगळे खुशाल आहेत. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू दोन मिनिटांत "ठेवते गं, तुझं बिल वाढेल" म्हणतेस. व्हॉट्सॲपला बिल येत नाही हे तुला पटवता पटवता माझे केस पिकले. पत्राचं तसं नाही. जन्मभर मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसलेल्या बाईच्या हातात मराठी मजकूर पडला की ती त्यातल्या चुका काढल्याशिवाय तो खाली ठेवत नाही. म्हणून मी चार-दोन चुका मुद्दाम पेरून ठेवल्या आहेत. शेवटपर्यंत वाच म्हणजे सगळ्या सापडतील.

तर, तुझी तब्येत कशी आहे? माहीत आहे, तू म्हणशील, मला काय धाड भरलीय! बरं. पण मागच्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तुझ्या पाठीशी पलंगावर तीन उशा रचलेल्या दिसल्या. मी "ताई, उशा कसल्या?" विचारलं तशी तू घाईघाईने फोन वर केलास आणि पुढची पाच मिनिटं मी तुझ्या छताच्या पंख्याशी गप्पा मारल्या. (पंखा पुसायला झाला आहे.) त्या उशा मी विसरलेले नाही. पण आधी माझी कहाणी ऐक, कारण ती तुला आजवर मी अर्धीमुर्धीच सांगितली आहे.

तुला एवढंच ठाऊक आहे, की मला "थोडा हार्टचा त्रास" झाला आणि "व्यायाम चालू आहे". झालं होतं असं, की बेसमेंटमधून धुतलेल्या कपड्यांची टोपली वर आणताना मला मध्येच जिन्यात बसावंसं वाटू लागलं. मी म्हटलं, वय झालं. पाय सुजायला लागले, तर मी मोज्यांचं इलॅस्टिक घट्ट म्हणून मोज्यांना नावं ठेवली. आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून मी उशीवर उशी, उशीवर उशी अशी तीनवर गेले आणि मनोहरला सांगितलं, की झोपताना वाचायला बरं पडतं. (मनोहर इंजिनियर माणूस. त्याने उशांचा कोन बघून "बरोबर आहे" म्हटलं आणि कूस बदलली. पुस्तक कुठे आहे, हे त्याने विचारलं नाही.) शेवटी नेत्रा एका रविवारी घरी आली, माझे घोटे तिने बोटाने दाबले, खड्डा तसाच राहिलेला पाहिला आणि "Aai, get in the car" एवढंच म्हणाली. आपली लेक इंग्रजीत चार शब्दांवर आली की वाद घालायचा नसतो, हे मी एवढ्या वर्षांत शिकले आहे.

तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की तुम्हाला हार्ट फेल्युअर आहे. ताई, आपल्या धरमपेठेत हार्टफेल झाला म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. जोशीकाका हार्टफेलने गेले, दूधवाल्याचा भाऊ हार्टफेलने गेला. हार्टफेल होऊन कोणी खुर्चीत बसून पर्स धरून ऐकतंय, असं मी तरी पाहिलं नव्हतं. मी मनोहरला मराठीत विचारलं, "मी आहे ना रे अजून?" मग त्याने मला बाहेर कॉरिडॉरमध्ये समजावून सांगितलं, की मोटर बंद पडलेली नाही, चालूच आहे, फक्त वरच्या टाकीपर्यंत पाणी चढवायला तिचा जोर कमी पडतोय. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्या इंजिनियरिंगचा मला झालेला हा पहिला उपयोग. देवाच्या दयेने गोळ्या लागू पडल्या, सूज उतरली, मी तीनवरून एका उशीवर आले.

मग मला वाटलं, आता सक्तीची विश्रांती. आपल्या आईने दुखण्याला दुसरं औषधच ठेवलं नव्हतं: अंथरूण, मऊ भात आणि भेटायला येणाऱ्यांची रांग. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला. आणि नुसतं चाला नाही, तर आमच्या एका अभ्यासात चाला. त्याचं असं आहे, की असे अभ्यास आजवर झाले त्यांत बहुतेक पुरुषच असत, आणि त्यांच्यावरून बायकांनाही तेच सांगायचं अशी पद्धत. (पुरुषांच्या मापाचे कपडे आपण थोडे आत घेऊन वापरायचे, तसंच.) म्हणून ह्या अभ्यासात फक्त बायका. अर्ध्या बायकांनी एका संथ लयीत, मध्यम दमणूक होईल असं चालायचं. उरलेल्या अर्ध्यांनी थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, पुन्हा जोरात असं करायचं. बाईच्या दुबळ्या हृदयाला कुठलं जास्त मानवतं ते शेवटी ताडून बघायचं. कोणी कुठल्या गटात जायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार.

मला निघालं संथ. माझ्याबरोबर त्याच दिवशी दाखल झालेल्या शोभनाला निघालं जोरदार. शोभना म्हणजे तळ्यापलीकडे राहते ती, मूळची ठाण्याची, जन्मभर इथे फार्मसिस्ट होती. बाई लाखातली, पण कुरकुर करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. चहात साखर कमी पडली तरी "मेले गं" म्हणते. निकाल ऐकून दोघी फुगलो. मला वाटलं, आपल्याला म्हाताऱ्यांत काढलं. शोभना तर पार्किंग लॉटमध्ये गाडीला टेकून रडली. तिचं म्हणणं, कॉम्प्युटरसुद्धा तिच्यावर उठलाय, यार.

आता मुख्य गोष्ट. तिथे ट्रेडमिलवर आपण किती दमलोय हे मोजायला सहापासून वीसपर्यंत आकडे असलेला एक तक्ता असतो. सहा म्हणजे आरामखुर्चीत बसल्यासारखं, वीस म्हणजे आता मेले तरी पुढचं पाऊल उचलणार नाही. नाडीवरून का नाही कळत, असं मनोहरने विचारलंच. तर आम्ही सगळ्याजणी नाडीला लगाम घालणाऱ्या गोळ्या घेतो, त्यामुळे एकट्या नाडीवर भरवसा ठेवता येत नाही. बाई स्वतः सांगेल त्या आकड्यावर बरंच ठरतं. आमची शिकवणारी मुलगी ब्रिटा, गोरीपान, उंच, इथल्याच उत्तरेकडच्या शेतावर वाढलेली. ती थोड्या थोड्या वेळाने तक्ता समोर धरून गोड आवाजात विचारते, की किती वाटतंय?

ताई, तूच सांग, आपल्या घरात "दमलीस का?" ह्या प्रश्नाला कोणी कधी "हो" म्हटलंय? आई मंगळागौरीला चार पंगती उठवायची, शेवटच्या पंगतीला वाढताना तिचे पाय लटपटत असायचे, आणि कोणी विचारलं तर म्हणायची, छे, त्यात काय दमायचं! आलेल्या माणसाला "दमले" सांगणं म्हणजे त्याला दार दाखवणं, हे आपण दुधाबरोबर प्यायलोय. ब्रिटा एवढी प्रेमाने विचारतेय, तिला कुठे त्रास द्यायचा? मी म्हटलं, अकरा. (दहा जरा उर्मट वाटला आणि बारा म्हणजे तक्रार.) आता संथ गटाने राहायचं होतं बारा-तेराच्या आसपास. त्यामुळे ब्रिटाने पट्ट्याचा चढ वाढवला आणि पुन्हा विचारलं. मी हसून म्हटलं, अकरा. तिने आणखी वाढवला. असं करत करत काही आठवड्यांनी माझ्या संथ चालण्याचा रामटेकचा गड झाला आणि मी घामाने निथळत, दात दाखवत, अकरावर ठाम.

शोभनाचं नेमकं उलटं. पट्टा सुरू व्हायच्या आधी ती म्हणायची, सेव्हन्टीन. तिच्या गटाला जोराच्या वेळी तेवढंच हवं होतं, त्यामुळे ब्रिटा समाधानी आणि शोभना जत्रेत बांगड्या बघत फिरावं तशी फिरतेय. म्हणजे बघ, संथ गटातली मी गड चढतेय आणि जोरदार गटातली ती रमतगमत चाललीय. दोन्ही गटांची तुलना करणाऱ्या त्या विद्वान बायकांच्या आकड्यांचं आम्ही दोघींनी मिळून भरीत करून ठेवलं होतं.

ब्रिटाला संशय कसा आला नाही म्हणशील, तर त्याला ही भूमीच कारणीभूत. इथली माणसं आपल्या आईच्याच गोत्रातली. हाडं गोठवणाऱ्या थंडीत गाडी खड्ड्यात अडकली आणि विचारलं, कसं काय, तर म्हणतील, "Not too bad." ब्रिटाच्या आजीचं म्हणे गोठ्यात पडून मनगट मोडलं होतं. तिने उरलेल्या गायींचं दूध काढलं, मग घरात येऊन सांगितलं, की हात जरासा दुखतोय. तेव्हा माझं हसतमुख अकरा ऐकून ब्रिटाला माझ्यात आजी दिसायची आणि ती आणखी मायेने चढ वाढवायची.

आकड्यांखेरीज त्यांची आणखी एक युक्ती असते. चालता चालता सलग बोलून दाखवायचं. मध्ये श्वासाला थांबावं लागलं तर जोर जास्त होतोय. कुठल्याही भाषेत बोला, म्हणाली. मला ऐन वेळी दुसरं काही सुचेना, म्हणून मी आईच्या गोड्या मसाल्याची कृती सांगायला लागले. लांबलचक आहे, तोंडपाठ आहे आणि ब्रिटाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ती मान डोलावत ऐकायची. ऐकणारी खरी शोभना, शेजारच्या पट्ट्यावर, नाक मुरडत. कारण त्यांच्यात खोबरं जास्त घालतात.

त्या दिवशी चढ नेहमीपेक्षा जास्त होता. मी सुरू केलं. धणे, जिरे, तीळ, खोबरं इथपर्यंत ठीक. लवंगेला श्वास घेतला. दालचिनीला घेतला. नागकेशरापाशी डोळ्यांपुढे जरा काजवे चमकले, म्हटलं आटपावं, आणि एकदम "सगळं खमंग भाजून कुटावं" वर उडी मारली. शोभनाने मान वळवली आणि विचारलं, "आणि दगडफूल?" मी हात हलवून हसले. उत्तर द्यायला श्वासच नव्हता. "रेखा, दगडफूल कुठे गेलं?" तरी मी गप्प. ताई, गोड्या मसाल्यावरून कोणी चूक काढतंय आणि आपली बाई गप्प बसलीय, हे शोभनाने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ती जी ओरडली! "Britta, stop it, stop it, she forgot the दगडफूल, she is not okay, तिचं तोंड बघ कसं पांढरं पडलंय, बंद कर ते मशीन, बंद कर!"

धन्य त्या पोरीची. दगडफूल म्हणजे काय हे न विचारता तिने लाल बटण दाबलं. (तिला वाटलं, मी एखादी गोळी घ्यायची विसरले.) मला खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर बघितलं, ते पायाशी लोळण घेत होतं. डॉक्टर धावत आले. त्यांनी विचारलं, आता किती वाटतंय? आणि ह्या रेखाने, डोळे मिटत असताना, काय उत्तर दिलं असेल? अकरा.

थोड्या वेळाने माझ्या गालांवर रंग आला, तेव्हा ब्रिटाची नजर हळूहळू शोभनाकडे वळली. शोभनाचा पट्टा अजून चालूच होता, जोराची पाळी चालू होती, आणि तिने आत्ताच एवढं मोठं भाषण एकदाही श्वासाला न थांबता, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात केलं होतं. तिचा शेवटचा आकडा होता सतरा. ब्रिटाने तक्ता उचलून पुन्हा तिच्यासमोर धरला. शोभना एकदम म्हणाली, "मेले गं," आणि पट्ट्याचा कठडा धरला.

दुसऱ्या दिवशी अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. आम्ही शाळेत तुझ्या ऑफिसबाहेर उभ्या राहणाऱ्या मुलींसारख्या उभ्या. वाटलं, नाव काढून टाकणार. त्या रागावल्या नाहीत. घडलं ते घडलं तसंच नोंदणार, पुसणार नाही, म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, की तुमचा आकडा तुमच्या एकटीचा नाही. उद्या तुमच्यासारखीच कुठलीतरी बाई आमच्या दारात येईल आणि तिला किती चालायला सांगायचं हे आम्ही तुमच्यावरून ठरवणार. तुम्ही सभ्यपणा केलात तर दम तिला लागेल. ताई, मला रडू आलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, की दुखणं लपवलं म्हणजे दुसऱ्याचा त्रास वाचतो.

त्यावर शोभनाने तोडगा काढला, आणि तो मी जन्मभर विसरणार नाही. ती ब्रिटाला म्हणाली, "अगं, आमच्यात पाहुण्याला वाढताना तीनदा विचारतात. पहिलं नाही म्हणजे संस्कार. दुसरं नाही म्हणजे भीड. तिसऱ्यांदा जे सांगतील ते खरं. हिला थ्री टाइम्स विचार ना!" ब्रिटाने ते इतकं मनावर घेतलं, की तेव्हापासून आमचा संवाद असा: रेखा, किती? अकरा. खरंच? बारा. मग ती नुसती माझ्याकडे बघते आणि मी म्हणते, पंधरा. लगेच चढ कमी. शोभनाचे आकडे तिसऱ्या विचारण्याला खाली येतात. परवा ती म्हणाली, "बरं, बारा लिही, पण under protest लिही."

ह्यावरून आठवलं. ताई, खरंच, तू कशी आहेस? बरी आहे, थोडा थकवा, ह्या वयात चालायचंच, असं म्हणालीस ना आत्ता मनात?

असो. परवा माझी शेवटची परीक्षा झाली. तोंडावर मुखवटा, त्याला नळी, आणि जमेल तितकं चालायचं. वसंतातल्यापेक्षा मी कितीतरी जास्त चालले आणि उतरल्यावर न विचारता खरं सांगितलं, की अठरा. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. ब्रिटाने मिठी मारली. शोभनाही तिच्या परीक्षेत छान उतरली, आणि आता तिला जोरदार गटच आवडतो. मी संथवाली म्हणून मला हिणवते. सगळे विचारतात, मग बायकांना कुठलं चांगलं, संथ की जोरदार? अजून कोणालाच ठाऊक नाही, अभ्यास चालू आहे, आणि आम्हा दोघींवरून तर ते मुळीच कळायचं नाही. मला कळलं ते एवढंच, की आकडा खरा असला तर बाई सुखरूप घरी येते.

मी फार उपकारात आहे गं. घोटा दाबणाऱ्या नेत्राच्या, लाल बटण दाबणाऱ्या पोरीच्या, आणि मसाल्यात खोबरं जास्त घालणाऱ्या त्या ठाणेकरणीच्या. आता मनोहरने जिना चढताना मला दमलीस का विचारलं, की मी "हो" म्हणते आणि तो टोपली घेतो. इतकं सोपं होतं. एवढी वर्षं विचारायला तो तयार होता, हो म्हणायला मी तयार नव्हते. आणि खास बातमी म्हणजे डॉक्टरीणबाईंनी विमानाला परवानगी दिलीय. जानेवारीत नागपूरला येतेय. सकाळच्या थंडीत फुटाळ्याच्या तलावावर आपण दोघींनी चालायचं, आणि मग घरी येऊन तू माझी शुद्धलेखनाची वही तपासायची.

नकुलला आणि सुनेला आशीर्वाद. तुला पुन्हा एकदा वाकून नमस्कार.

तुझी धाकटी,
रेखा

ता. क. पत्रात एकही चूक मुद्दाम केलेली नाही. जेवढ्या सापडल्या त्या सगळ्या माझ्याच. तू वाचावंस म्हणून थाप मारली.

ता. क. २. पत्राबरोबरच्या खोक्यात बदामांच्या पिशवीखाली राखाडी रंगाचे बूट आहेत. सुनेचे समजून तिला देऊ नकोस. ते तुझे आहेत. नकुलने तुझ्या चपलेचं माप चोरून पाठवलं. त्यानेच हेही कळवलं, की हल्ली तू जिन्याच्या मधल्या कट्ट्यावर टेकतेस आणि कोणी बघितलं की पेपरवाल्याची वाट बघतेय म्हणतेस. पेपर तर सकाळी सहालाच दारात पडतो ना गं, ताई.

ता. क. ३. हे वाचून होईपर्यंत नकुल शेजारी उभा असेल आणि त्याच्या हातात गाडीची किल्ली असेल. हृदयाच्या डॉक्टरांची आजची वेळ मीच त्याला घ्यायला लावली आहे, आणि खोकं आधी आलं तरी हे पत्र त्याच दिवशी तुझ्या हातात दे असं बजावलं आहे. त्याच्यावर चिडू नकोस, मला फोन करून चिड. बिल येत नाही. मला फुटाळ्यावर एकटीने चालायचं नाहीये. संस्काराचं उत्तर वर येऊन गेलं, भिडेचंही येऊन गेलं. आता तिसऱ्यांदा विचारते, ताई, त्या तीन उशा कशाला लागतात?